शेंड्याकडून वळलेली पानं

सकाळी सावंगीहून वर्ध्याला येणाऱ्या ऑटोत एका अनोळखी बाईनं माझ्या मानेवर चापट मारली. चापट चांगली होती, मारणाऱ्याच्या मनात कसलाही किंतु नसावा अशी. समोरच्या सीटवर मेडिकलची पोरं पांढरे कोट मांडीवर घेऊन बसली होती, ती एकदम माझ्याकडे बघायला लागली, कारण भर रस्त्यात चापट खाणारा माणूस आधी काहीतरी करून बसलेला असतो हे सगळीकडेच गृहीत धरतात. बाई म्हणाली, "किडा होता जी. कॉलरवर चालून राह्यला होता." तिनं तळवा पुढे केला. तळव्यावर एक हिरवा ठिपका होता, ओला, पुसट. मी तिचा हात धरून डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "पंख होते का त्याला?" बाईनं हात सोडवून घेतला, पदराला पुसला, म्हणजे माझा नमुना पुसला, आणि समोरच्या पोरीला म्हणाली, "तुमच्या दवाखान्यात मानसिकचा वॉर्ड कोणत्या मजल्यावर हाय व?" पोरीनं प्रामाणिकपणे मजला सांगितला. मी बसस्टँडपर्यंत खाली बघत बसलो आणि मानेवर जिथं चापट बसली होती तिथं हात लावून पाहत राहिलो, की अजून एखादा आहे का.

तो मावा होता. मावा माझ्या पोटापाण्याचा किडा आहे. मी वर्ध्यातल्या एका संशोधन प्रकल्पात कंत्राटी कीटकतज्ज्ञ आहे आणि प्रकल्पानं आम्हाला पिवळे शर्ट दिलेत, लांबून ओळखू यावं म्हणून. मावा पिवळ्या रंगाकडे ओढीनं जातो हे शर्ट शिवणाऱ्याला माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं, पण शर्ट फुकट होते. सावंगीत मी खोली घेऊन राहतो. तिथं रस्त्यानं चालणारा प्रत्येक जण डॉक्टर असतो असा समज आहे. घरमालकाच्या मेव्हण्यानं एकदा मला पाठीवरचं गजकर्ण दाखवलं होतं आणि मी सवयीनं निंबोळी अर्क सांगितला होता. त्याला गुण आला. तेव्हापासून मी सल्ला देताना फार विचार करत नाही. मावा हा टाचणीच्या डोक्याएवढा जीव, पानाच्या मागच्या बाजूला बसून रस पितो. नुसता रस पिऊन गेला असता तर फार कोणाचं म्हणणं नव्हतं. पण आजारी बटाट्याचा रस प्याला की त्या झाडातला विषाणू त्याच्या पोटात जातो, आणि मग मरेपर्यंत तो जिथं जिथं तोंड घालील तिथं तिथं थोडा थोडा ठेवून येतो. त्याला स्वतःला काही होत नाही. ताप नाही, अशक्तपणा नाही. पोटात विषाणू असलेला मावा आणि नसलेला मावा शेजारी शेजारी ठेवले तर दोघं सारखेच समाधानी दिसतात. प्रशिक्षणात मी हे वाक्य नेहमी टाकतो, लोक हसतात. त्या दिवशी हिंगणीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर ते वाक्य आपोआप आठवलं आणि हसायला कोणी नव्हतं.

हिंगणीला मला शोभाबाईंचं वावर पाहायला जायचं होतं. आमच्याकडे कापूस, सोयाबीन, तूर या घरच्यांच्या गर्दीत बटाटा म्हणजे पाहुणा. त्याचं बेणं दर वर्षी उत्तरेकडून ट्रकमध्ये येतं, निम्मं वाटेत सडतं, उरलेलं कशाचं आहे ते उगवल्यावर कळतं. शोभाबाईंनी आणि त्यांच्या गटातल्या बायांनी ठरवलं की बेणं आपणच करायचं. प्रकल्पानं स्वच्छ बेणं दिलं, ते शोभाबाईंनी नाल्याकाठच्या आपल्या वावरात लावलं आणि तान्ह्या पोरासारखं राखलं. यातून निघणारे बटाटे पुढच्या हंगामात गटातल्या सगळ्या बाया लावणार होत्या. कोणी त्यासाठी नवऱ्याशी भांडून वावराचा तुकडा मागून घेतला होता, कोणी सासूशी. आणि मग एका सकाळी शोभाबाईंचा मला फोन आला. "सर, पानं पापडावानी वाजून राह्यले." एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, वरची की खालची. "पाहून सांगतो," म्हणाल्या आणि सांगितलंच नाही, म्हणून निघालो. कारण प्रश्न तेवढाच असतो. बेण्यातूनच आजार आला असेल तर झाडाची खालची, जुनी पानं आधी वर वळतात, पुंगळी होते, कडक होतात, हात लावला की वाजतात. बाहेरून कोणी आणून दिला असेल तर हेच आधी शेंड्याचं होतं, कोवळी पानं पिवळट गुलाबी होतात. झाड खोटं बोलत नाही. आमच्या प्रकल्पप्रमुख माधवी मॅडमना यातलं पहिलं उत्तर नको होतं, कारण बेणं प्रकल्पाचं. दुसरं चालणार होतं. "आपलं बेणं स्वच्छ होतं एवढं निघालं की झालं," त्या फोनवर म्हणाल्या. "पुढचा प्रसार नैसर्गिक आहे." निसर्ग हा मॅडमचा आवडता आरोपी. तो कधी हजर होत नाही आणि अपिलातही जात नाही.

सातवीत असताना आमच्या शाळेत डोळ्यांची साथ आली होती. मी ज्याच्या शेजारी बसत होतो त्याचे डोळे आले. बाईंनी मला बाक बदलून दिला, तर त्या बाकावरच्या मुलाचेही आले. मग तिसरा बाक. शेवटी सगळा वर्ग काळे चष्मे लावून घरी बसला आणि मी एकटा, पांढऱ्याशुभ्र डोळ्यांचा, सकाळची प्रार्थना म्हणत होतो. बाईंचेही डोळे आले होते, त्यामुळे प्रार्थना ऐकायला शिपाई होता. माझी आई हे पाहुण्यांना कौतुकानं सांगते, "आमच्या प्रफुलले काहीच होत नाही." हेच वाक्य अंकितानं उच्चारलं तेव्हा त्यातलं कौतुक निघून गेलं होतं. अंकिता सावंगीच्याच दवाखान्यात नर्स होती, आम्ही लग्न करणार होतो, निदान तिच्या घरी तसं ठरलं होतं. तिच्या वडिलांना दाखल केलं होतं त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी जात होतो, बाकड्यावर बसत होतो, त्यांना पेपर वाचून दाखवत होतो. तिला वाटलं मी शांत आहे. मी खरंच शांत होतो, हीच अडचण निघाली. नंतर एकदा ती म्हणाली, "तुला काही होत नाही रे. जे होतं ते तुझ्या बाजूच्याला होतं." रागानं नाही, थर्मामीटर वाचून सांगावं तसं. मी जरा विचार केला आणि म्हटलं, "बरोबर आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. ते मान्य करायचं वाक्य नव्हतं हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेव्हा ती नागपूरला बदली घेऊन गेली होती. सेलूच्या पुढे एसटीत एक माणूस माझ्या शेजारी येऊन बसला. तो शिंकला तसा मी थोडा सरकलो. त्याला वाटलं मी त्याला जागा दिली. "मेहरबानी," तो म्हणाला.

भैयाजींचं हिंगणीत किराण्याचं दुकान आहे आणि नाल्याच्या गावाकडच्या बाजूला वावर. शोभाबाईंचं पाहून त्यांनीही यंदा बटाटा लावला, पण बेणं म्हणून दुकानातल्या पोत्यातले खायचे बटाटेच चिरून लावले. "बटाटा तो बटाटा. तो का जात पाहून उगवते?" डिसेंबरात त्यांच्या झाडांची पानं वळली. खालची. म्हणजे आजार पोत्यातच होता. मी सांगितलं, आजारी झाडं उपटा आणि हद्दीबाहेर काढा. आमच्या पुस्तिकेतही तेच आहे, 'रोगट झाडे उपटून नष्ट करावीत', आणि नष्ट कशी करावीत हे यायच्या आधी पुस्तिका संपते. आता हद्दीबाहेर काढायचं म्हटल्यावर आमच्या भागातल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराईचा पुतळा, निघते. पोट्टे गल्लीगल्लीतून ओरडत जातात, खोकल्याला, ढेकणांना, मोंगशा-डासांना नावानं पुकारून तिच्याबरोबर जा म्हणतात, शिवेपर्यंत नेऊन पलीकडे टाकतात आणि घरी येऊन आंघोळ करतात. पलीकडे कोण राहतं असं कोणी विचारत नाही, कारण पलीकडचेही त्याच सकाळी आपलं अलीकडे टाकत असतात. हिशेब बरोबर जुळतो. लहानपणी मीही ओरडलोय, घसा बसेपर्यंत, आणि मग बसलेला घसाही पुढच्या वर्षी त्यातच पुकारलाय.

तर भैयाजींनी डिसेंबरात मारबत काढली. उपटलेली झाडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचली, वर झेंडूचा हार घातला, डफडेवाले लग्नाच्या तारखा नसल्यानं मोकळेच होते. "सायेब, तुमच्याच हातानं होऊ द्या," असं म्हणून कोणीतरी माझ्या हातात नारळ दिला आणि मी पुढे चालायला लागलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला काहीच वाटलं नाही. खिशात फोन थरथरला होता आणि तो अंकिताचा असेल की नसेल यात मी गुंतलो होतो. (मोबाईल कंपनीचा होता.) संध्याकाळी गावच्या ग्रुपवर फोटो आला, 'कृषी शास्त्रज्ञांच्या हस्ते करपा रोगाचे विसर्जन'. हा करपा नाही, एवढी दुरुस्ती मी लगेच कळवली. नाल्याच्या पलीकडे, अगदी शोभाबाईंच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच, ट्रॉली उलटी केली तेव्हा शोभाबाई तिथं कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "इकडे काऊन टाकता जी भैयाजी?" भैयाजी म्हणाले, "अवं शोभाताई, मेलेले झाडं हायेत. मेलेलं काय चावते?" मग शोभाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, असंच करतेत का?" मी म्हटलं, "हो." झाडं उन्हात पडली होती, सुकायला लागली होती, आणि ऊन तिरपं असल्यामुळे ढिगाऱ्यावरून काहीतरी बारीक, चमकतं असं उठताना दिसत होतं. सुंदर दिसत होतं. मला वाटलं धूळ आहे. झाड वाळायला लागलं की मावा त्याच्यावर बसून राहत नाही, पंखांचा जो असतो तो उठतो आणि समोर पहिलं हिरवं जे दिसेल तिथं जातो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. धूळ वाऱ्याबरोबर एकसारखी जाते. ही शेंड्याशेंड्यावर थांबत गेली.

वावरात पोचलो तर शोभाबाई आणि त्यांच्या गटातली रक्षा आधीच धुऱ्यावर बसल्या होत्या. "जय भीम, सर," रक्षा म्हणाली, आणि तिनं सरीकडे बोट दाखवलं. मी सरीत उतरलो. नाल्याकडच्या सरींमध्ये शेंडे वळले होते, कोवळी पानं उभी राहून एकमेकांना घासत होती, हात लावला की वाजत होती. खालची पानं सपाट, निरोगी, काही घडलंच नाही अशी. पान उलटं केलं तर मागं मावा, पंखांचे थोडे आणि बिनपंखांचे पुष्कळ. मावा येतो तो पंखांचा, पण घर मिळालं की पोरं बिनपंखांची घालतो. चांगल्या ठिकाणी उतरल्यावर पंखांचं करायचं काय. जसजसं आत गेलो तसतसं वळलेलं झाड विरळ होत गेलं, आणि टोकाच्या पळसाकडच्या सरी साफ होत्या. हिरव्या, रुंद, मूर्ख वाटाव्यात इतक्या निरोगी. मी तिथं उगाच जरा जास्त वेळ थांबलो. एवढ्यात नाल्यापलीकडून भैयाजींनी हाक दिली, "काय निघालं सायेब? हवा का पाणी?" मी हात हलवला. हात हलवण्याचा अर्थ त्यांनी हवा असा घेतला असावा, कारण ते समाधानानं आभाळाकडे बघायला लागले.

"शेंडा आधी वळलाय," मी परत येऊन म्हटलं. "म्हणजे बेण्यात काही नव्हतं. किड्यानं आणलं."

"किडा एकटाच आलता का?" शोभाबाई म्हणाल्या.

रक्षा फिस्सकन हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"कुठून आलं ते सगळ्या गावाले माहीत हाय, सर. डफडं वाजवत आलं नं ते. त्याचा काय तपास कराचा?" शोभाबाईंचा आवाज चढला नव्हता. "माह्या सासऱ्यानं मारबत छप्पन सालीच सोडली. आमच्या घरून कोणाच्या शिवेवर कधी काही गेलं नाई. अन तुमी येवढे शिकलेले, नारळ घेऊन पुढं."

नारळ माझ्या हातात कोणीतरी दिला होता, असं म्हणता आलं असतं. वाक्य खरं होतं. मी ते मनात एकदा म्हणून पाहिलं आणि ते मला मॅडमच्या निसर्गासारखं ऐकू आलं, म्हणून ठेवून दिलं.

"ते जाऊ द्या आता," शोभाबाई म्हणाल्या. "मले येवढंच सांगा. बेणं ठेवू का भाजी करू?"

माझ्याकडे या प्रश्नाची बरीच उत्तरं होती, सगळी लांब. आजारी झाडाचा बटाटा खायला काही हरकत नसते, माणसाला त्याचं काही होत नाही. म्हणजे भाजी करता येते. पण मग गटातल्या साऱ्या बायांची पुढच्या वर्षीची वावरं एका महिन्यात रस्सा होऊन संपली असती. आणि बेणं म्हणून ठेवलं तर त्याच बाया तो आजार वावरावावरात स्वतःच्या हातानं पुरणार होत्या. मधली एक वाट होती. विषाणू पानात येतो, तिथून खोडानं खाली उतरतो आणि कंदात जातो, त्याला दिवस लागतात. पळसाकडच्या झाडांत तो अजून आलाच नसेल, किंवा वरच असेल. वरचं आजच कापून टाकलं तर खाली जे आहे ते जसं आहे तसं राहतं. बटाटे लहान राहतील, साल कच्ची असेल, पण कदाचित स्वच्छ असतील. मी हे सांगितलं. नाल्याकडचं आणि मधलं भाजीला, पळसाकडचं कापायचं.

"चांगले हिरवे झाडं कापू?"

"चांगलेच कापायचे. आजच. आणि बुडातून, वर खुंट ठेवायचा नाही. खुंटाला फुटवा येतो आणि मावा आधी फुटव्यावरच बसतो."

"काकू, आयकू नका बरं ह्यायचं," रक्षा म्हणाली. "अजून पंधरा दिवस ठेवलं तर बटाटा भरते."

"मागं उपटा म्हटलं तर हे झालं," शोभाबाई मला म्हणाल्या. "आता कापा म्हणता."

"हो."

"खात्री हाय?"

त्या धुऱ्यावर मागच्या वेळी मी उभा होतो तिथून दोन पावलांवर आम्ही बोलत होतो. तेव्हाचा माझा 'हो' किती सहज निघाला होता. आता तोच काढायला गेलो तर मागं काही नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "काही वाचतील, काही नाही वाचणार. निघाल्यावर तपासून घेऊ, पण तपासणीही सगळं सांगत नाही. खरं पुढच्या वर्षी उगवल्यावरच कळेल."

शोभाबाई उठल्या आणि पळसाकडे चालत गेल्या. आम्ही मागं गेलो. त्यांनी एका झाडाची पानं तळहातावर घेतली, तोलल्यासारखी, आणि सोडली. पलीकडून भैयाजी ओरडले, "शोभाताई, पोट्टे पाठवू का? ट्रॉली मोकळीच हाय."

"तुमी तिकडंच ऱ्हा जी भैयाजी," शोभाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, आणि मग मला, "कापलेलं कुठी टाकाचं?"

"इथंच. कापलं की लगेच पोत्यात, पोत्याचं तोंड बांधायचं. नाल्याकडे जिथं आजार जास्त आहे तिथं खड्डा करून पुरायचं."

"माह्याच वावरात."

"हो."

"जागा जाईन तेवढी."

"जाईल."

त्यांनी वळून नाल्याकडच्या सरी नजरेनं मोजल्या. तेवढ्यात मला कळलं की मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा आहे आणि त्यांनी नाही म्हटलं तर माझ्या हातात काहीच नाही. एसटीनं परत जायचं, इतकंच. मग त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून विळा काढला आणि मुठीकडून माझ्यापुढे धरला. "पहिली सरी तुमी कापा."

"मला येत नाही."

"नारळ कुठी येत होता?"

मी वाकलो. झाडाचा बुडखा डाव्या हातात धरला, तो गार होता आणि केसाळ होता, आणि विळा ओढला. पहिल्यांदा नुसता चिरडला गेला, हिरवं पाणी मुठीत आलं. दुसऱ्यांदा तुटला. कच्चा, किंचित कडवट वास आला, कच्च्या बटाट्याच्या सालीचा. एक झाड, मग दुसरं. रक्षा पोतं धरून मागं सरकत होती आणि पोत्याचं तोंड दर झाडानंतर मुठीनं बंद करत होती. निरोगी झाड कापणं हे आजारी झाड उपटण्यापेक्षा वेगळं काम आहे. त्यात डफडं वाजवता येत नाही. मान, पाठ, मांड्या यांनी मिळून मला आपलं म्हणणं सांगायला सुरुवात केली. सरी संपली तेव्हा वावरात एक उघडी पट्टी पडली होती, नुसती माती, आणि शोभाबाई त्या पट्टीकडे बघत होत्या. ती पाहून आता त्या थांबवतील असं मला वाटलं. त्यांनी पदर कमरेला खोचला, रक्षाच्या पिशवीतला विळा घेतला आणि माझ्या शेजारच्या सरीत वाकल्या. मला कोणी आणखी काही सांगितलं नाही, म्हणून मी त्यांच्या पलीकडची सरी धरली.

त्यांची सरी माझ्या कितीतरी आधी संपली. त्यांनी उभं राहून मागं पाहिलं, मग माझ्या सरीकडे पाहिलं. मी घाईत दोन झाडांचे खुंट वर ठेवून पुढे आलो होतो.

"सर," त्या म्हणाल्या. "बुडातून."

मी मागं गेलो आणि बुडातून कापले.